वाचकांचे प्रश्न : केनियाची जमीन कोणाची?

आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहती आणि त्यांचा स्वातंत्र्यलढा या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. निम्म्याहून अधिक पत्रे एकट्या केनियाबद्दल आली, म्हणून हे सदर पूर्णपणे केनियाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

पणजोबांच्या ट्रंकेत ‘युगांडा रेल्वे’चा शिक्का असलेला कागद सापडला. पगार रुपयांत लिहिला आहे, पण तारखेचा कोपरा फाटलेला आहे. ते युगांडात होते का? आणि कागद साधारण कधीचा असावा? (ठाणे)

नावावर जाऊ नका. युगांडा रेल्वे जवळजवळ सगळी आजच्या केनियात होती. १८९६ मध्ये मोंबासाहून काम सुरू झाले, १८९९ मध्ये रूळ नैरोबीच्या दलदलीपाशी पोचले आणि डिसेंबर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराकाठी किसुमूला. तेव्हा त्या ठाण्याचे नाव पोर्ट फ्लॉरेन्स होते. घोटाळ्यात भर अशी की त्या वेळी किसुमू खरोखरच युगांडाच्या हद्दीत होते. १९०२ मध्ये युगांडाचा पूर्वेकडचा प्रांत काढून शेजारच्या ईस्ट आफ्रिका प्रोटेक्टोरेटला (म्हणजे पुढच्या केनियाला) जोडला गेला आणि हद्द पश्चिमेला सरकली. त्यामुळे कागदावर गावाचे नाव असेल तर ते आधी वाचा. मोंबासा, व्होई, नैरोबी, नाकुरू यांपैकी काही असेल तर पणजोबा केनियात होते.

काळ ठरवायला चलन उपयोगी पडते. पूर्व आफ्रिकेत आपलाच रुपया चालत असे. १९२० मध्ये थोडा काळ फ्लोरिन आला आणि १९२१ पासून शिलिंग. म्हणजे रुपयांतला पगार साधारण १९२० च्या आधीचा. रेल्वेचे नावही १९२० च्या दशकात ‘केनिया अँड युगांडा’ असे झाले आणि १९४८ पासून ‘ईस्ट आफ्रिकन रेल्वेज अँड हार्बर्स’. हिंदुस्थानातून या कामावर सुमारे ३२ हजार मजूर गेले, बहुतेक पंजाबातले, तीन वर्षांच्या करारावर. जवळपास अडीच हजार तिथेच मेले आणि साडेसहा हजारांच्या वर लोक करार संपल्यावर तिथेच राहिले. कारकून, स्टेशनमास्तर, कंपाउंडर, हिशेबनीस ही माणसे मात्र करारी मजुरांच्या यादीत सापडत नाहीत. त्यांची नेमणूक वेगळी होई. पणजोबा लिहिते-वाचते असतील तर मजुरांच्या याद्या चाळण्यात वेळ घालवू नका.

लढाई न करता इंग्रजांनी एवढी जमीन कशी बळकावली? (कराड)

लढाया झाल्या. नांदी लोकांनी रेल्वेच्या वाटेवर दहा वर्षे झुंज दिली. ऑक्टोबर १९०५ मध्ये त्यांचा नेता कोइतालेल अराप सामोएई वाटाघाटीला म्हणून आला असता इंग्रज अधिकाऱ्याने त्याला गोळी घातली, तेव्हा ती झुंज मोडली. तरीही तुमचा रोख बरोबर आहे. बहुतेक जमीन कागदानेच गेली, आणि त्याचे टप्पे समजून घेतले तर पुढचा सगळा लढा उलगडतो.

पहिला टप्पा रिकाम्या जमिनीचा. १८९० च्या दशकाच्या अखेरीला गुरांवर बुळकांड्या रोग, माणसांवर देवी आणि पाठोपाठ दुष्काळ आला. किकुयू लोकांनी नैरोबीच्या आसपासची आपली शेते सोडली आणि ते डोंगराकडच्या नातलगांकडे सरकले. शेते पडीक दिसली, पण त्यांना मालक होते. कुळाकुळांत वाटलेली, हद्दी ठरलेली जमीन होती ती. नेमक्या त्याच वेळी रेल्वे आली. तिच्यावर पन्नास लाख पौंडांहून अधिक खर्च झाला होता आणि तो वसूल व्हायला माल वाहायला हवा होता. म्हणून गोऱ्या शेतकऱ्यांना आमंत्रण गेले.

दुसरा टप्पा कायद्याचा. १९०२ च्या क्राउन लँड्स कायद्याने सरकारला जमीन विकण्याचा आणि ९९ वर्षांच्या पट्ट्याने देण्याचा अधिकार मिळाला. लॉर्ड डेलामिअर या गोऱ्या मळेवाल्याला एकट्याला न्जोरोजवळ एक लाख एकर मिळाले. १९१५ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. पट्टा ९९९ वर्षांचा झाला आणि ‘सरकारी जमीन’ या व्याख्येत आफ्रिकी लोक प्रत्यक्ष कसत असलेली जमीनही आली. ही व्याख्या नीट वाचावी अशी आहे, कारण तिच्यामुळे घरात बसलेला माणूस घर न सोडता परका झाला. १९२१ मध्ये मुख्य न्यायाधीश बार्थ यांनी तेच निकालात मांडले. आफ्रिकी माणूस हा सरकारच्या मर्जीवर राहणारा कूळ आहे, त्याला मालकी हक्क नाही, असा तो निकाल.

मसाईंची गोष्ट सगळ्यात उघड आहे. १९०४ च्या करारात त्यांनी खचदरीतली कुरणे सोडली आणि उत्तरेला लायकिपिया घेतले. मसाई जमात असेतो हा करार टिकेल, असे त्यात लिहिले होते. सात वर्षांत गोऱ्यांना लायकिपियाही हवे झाले, १९११ मध्ये दुसरा करार झाला आणि गुराढोरांसह हजारो लोक दक्षिणेला हाकलले गेले. मसाई कोर्टात गेले. १९१३ मध्ये कोर्टाने सांगितले की मसाई हे परके राष्ट्र आहे, करार दोन राष्ट्रांमधला आहे, म्हणून त्यात लक्ष घालायचा कोर्टाला अधिकार नाही. जमीन घेताना ते प्रजा होते आणि दाद मागताना परके.

झोपडीवर कर आणि गळ्यात लटकवायचा दाखला, हे नेमके काय होते? (नाशिक)

जमीन मिळाली तरी ती कसायला माणसे हवी होती, आणि ज्याच्याकडे स्वतःचे शेत आहे तो दुसऱ्याच्या मळ्यावर का जाईल? ही अडचण सरकारने कराने सोडवली. १९०१ पासून झोपडीकर लागू झाला. आधी १ रुपया, मग थोड्याच वर्षांत ३ रुपये. कर माणसावर नव्हता, झोपडीवर होता. दोन बायकांच्या दोन झोपड्या असतील तर दुप्पट. म्हाताऱ्या आईची वेगळी झोपडी असेल तर तिचाही. १९१० मध्ये झोपडी नसलेल्या तरुणांना गाठण्यासाठी डोईपट्टी आली. कर रोख भरायचा, आणि रोकड मिळायची ठिकाणे म्हणजे गोऱ्यांचे मळे, रेल्वे किंवा नैरोबी. आफ्रिकी शेतकरी कॉफी लावून रोकड कमवू शकला असता, पण कॉफीचे परवाने त्याला दिले जात नव्हते. १९३० च्या दशकात किसी आणि मेरू भागात थोडी सूट मिळाली, किकुयूंना त्याहून उशिरा. आमच्या मते कराच्या रकमेपेक्षा ही बंदी जास्त घातक होती, कारण तिने दुसरी वाट बंद केली.

दाखल्याला किपांडे म्हणत. कायदा १९१५ चा, अंमल पहिल्या महायुद्धानंतर, १९१९-२० पासून. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी पुरुषाला तो सक्तीचा होता. घडी घातलेला कागद लहानशा धातूच्या डबीत ठेवायचा आणि डबी दोरीने गळ्यात घालायची. कागदावर नाव, जमात, बोटांचे ठसे आणि खाली रकाने : मालक कोण, कधी कामाला लागला, पगार किती, कधी सोडले. खरा फास होता तो शेवटच्या रकान्यात. ‘सोडले’ या रकान्यात मालकाची सही नसेल तर दुसरीकडे काम मिळत नसे. सही न घेता निघून गेले तर तो फौजदारी गुन्हा होता आणि ठशांवरून माणूस शोधता येई. मालकाने सही अडवून धरली की मजूर अडकला. गोऱ्या किंवा भारतीय माणसाला असा दाखला बाळगावा लागत नव्हता, आणि हा अपमान लोकांना करापेक्षा जास्त झोंबला.

पहिला मोठा भडका याच दोन गोष्टींवरून उडाला. १९२१ मध्ये कर १६ शिलिंगपर्यंत चढला आणि मळेवाल्यांनी मजुरी तिसऱ्या हिश्श्याने कापायचे ठरवले. नैरोबीच्या तिजोरी खात्यात टेलिफोनवर काम करणारा हॅरी थुकू नावाचा तरुण सभा घेऊ लागला. १४ मार्च १९२२ ला त्याला अटक झाली. दोन दिवसांनी पोलीस ठाण्यासमोर जमाव जमला. पुढारी परतायला सांगत असताना मेरी मुथोनी न्यान्जिरू या बाईने पुरुषांना हिणवले आणि जमाव पुढे सरला. गोळीबारात निदान २१ माणसे मेली, त्यांत ती होती. कर नंतर १२ शिलिंगवर आला. किपांडे मात्र दुसरे महायुद्ध संपेपर्यंत टिकला.

तिथल्या भारतीयांनी कोणाची बाजू घेतली? औंधच्या आप्पासाहेब पंतांचे नाव केनियात निघते, ते का? (सातारा)

सरसकट एक बाजू सांगता येत नाही. १९२० च्या सुमारास गोरे दहा हजारांच्या आत होते आणि भारतीय त्यांच्या दुपटीहून अधिक. भारतीयांची मागणी होती एकाच मतदारयादीची, आणि उंचावरच्या थंड, सुपीक पट्ट्यात जमीन घ्यायच्या हक्काची. तो पट्टा गोऱ्यांसाठी राखीव होता. लंडनमध्ये रदबदली करायला भारतातले नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्री गेले. १९२३ मध्ये वसाहतमंत्री डेव्हनशायर यांनी श्वेतपत्रिका काढली. तिने आफ्रिकी लोकांचे हित सर्वोपरी असे जाहीर केले, पण दिले असे : विधिमंडळात गोऱ्यांचे ११ निवडलेले सभासद, भारतीयांचे ५, अरबांचा १, आणि आफ्रिकी लोकांच्या वतीने नेमलेला एक मिशनरी. राखीव पट्टा गोऱ्यांकडेच राहिला. पहिला आफ्रिकी सभासद, एलियुड माथू, १९४४ मध्ये आला.

व्यापारी वर्गातले पुष्कळ जण दुकानापुरते पाहत राहिले. पण ज्यांनी बाजू घेतली त्यांनी किंमत मोजली. माखनसिंग यांनी १९३५ मध्ये कामगार संघटना उभारली. एप्रिल १९५० मध्ये नैरोबीच्या कालोलेनी सभागृहात त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. पुढच्या महिन्यात अटक झाली आणि ते सुटले १९६१ मध्ये. गोव्याच्या कुटुंबातला, नैरोबीत जन्मलेला पिओ गामा पिंटो मुंबईत असताना गोवा मुक्तीच्या चळवळीत होता. केनियात परतल्यावर त्याने आफ्रिकी पुढाऱ्यांसाठी निवेदने लिहिली, लढणाऱ्यांना मदत पोचवली आणि १९५४ पासून पाच वर्षे स्थानबद्धतेत काढली. स्वातंत्र्यानंतर जमीनवाटपाच्या प्रश्नावर तो नव्या सरकारलाही बोलत राहिला. २४ फेब्रुवारी १९६५ ला नैरोबीत घराच्या फाटकाशी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

आप्पासाहेब पंत १९४८ मध्ये भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. औंध संस्थानात १९३९ मध्ये राजाने स्वतः सत्ता सोडून गावपंचायतींच्या हाती दिली होती, आणि त्या प्रयोगात राजपुत्र म्हणून ते होते. तिथल्या भारतीयांना त्यांनी स्पष्ट सांगितले की तुमचे भवितव्य आफ्रिकी माणसाबरोबर आहे. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारत सरकारच्या शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. केन्याटा, कोइनांगे या किकुयू पुढाऱ्यांशी त्यांची मैत्री होती. गोऱ्यांनी लंडनपर्यंत तक्रारी नेल्या आणि १९५४ मध्ये त्यांना तिथून हलवण्यात आले. गांधीजींच्या नावाने भारतीयांनी जमवलेला निधी नैरोबीच्या तांत्रिक महाविद्यालयात मिसळला गेला आणि तेच पुढे नैरोबी विद्यापीठ झाले.

माऊ माऊ हे खुनी टोळके होते की स्वातंत्र्यसैनिक? दोन्ही वाचायला मिळते. (नागपूर)

माऊ माऊ म्हणजे १९५० च्या दशकात इंग्रजांविरुद्ध उठलेले, मुख्यतः किकुयू बंडखोर. आकडे शेजारी ठेवून बघा. आणीबाणीच्या काळात (२० ऑक्टोबर १९५२ ते जानेवारी १९६०) ३२ गोरे रहिवासी मारले गेले. सरकारच्या बाजूचे सुमारे १,८०० आफ्रिकी नागरिक मारले गेले. सरकारी हिशेबानेच ११ हजारांच्या आसपास बंडखोर मेले, १,०९० जणांना फाशी झाली. लारी गावात मार्च १९५३ मध्ये बंडखोरांनी बायका-मुलांना जाळले हे खरे आहे आणि ते लपवू नये. त्याच रात्री आणि नंतर सरकारी बाजूने सूड म्हणून केलेल्या हत्याही तितक्याच खऱ्या आहेत. पण ‘गोऱ्यांची कत्तल’ हे जे चित्र त्या वेळी जगभर गेले, ते आकड्यांत बसत नाही.

लढणारे बहुतेक जण जमीन गेलेले होते. गोऱ्यांच्या मळ्यावर राहून कसणाऱ्या कुळाला १९१८ च्या कायद्याने वर्षाला १८० दिवस मालकाकडे राबावे लागे. पुढे मळेवाल्यांच्या मंडळांना ते २७० पर्यंत नेता येऊ लागले आणि कुळाची गुरेही कमी करायला लावली. दुसऱ्या महायुद्धानंतर यांतले हजारो जण हाकलले गेले. ते नैरोबीच्या वस्त्यांत आले आणि तिथे बंडात सामील होण्याची शपथ घेण्याचा विधी पसरला.

सरकारने तीन मार्ग वापरले. पहिला म्हणजे पुढारी उचलणे. केन्याटा आणि पाच जणांवरचा खटला मुद्दाम कापेंगुरियात चालवला. तिथे रेल्वे नव्हती, उतरायला हॉटेल नव्हते, वकिलांना ये-जा मुश्कील होती. बचावासाठी इंग्लंडचे प्रिट, भारतातून दिवाण चमनलाल, नायजेरियाचे डेव्हिस, आणि नैरोबीचे कपिला व मूळचे गोव्याकडचे फिट्झ डिसूझा असे वकील उभे राहिले. न्यायाधीश थॅकर यांना सरकारने २० हजार पौंड वेगळे दिले होते. मुख्य साक्षीदार रॉसन मचारिया याला इंग्लंडात शिक्षणाचे आमिष दाखवले होते. १९५८ मध्ये त्याने आपली साक्ष खोटी होती असे प्रतिज्ञापत्र केले, तर त्या प्रतिज्ञापत्रासाठीच त्याला तुरुंगात टाकले. एप्रिल १९५३ च्या निकालात सहा जणांना सात वर्षे सक्तमजुरी झाली. अपिलात त्यांच्यापैकी अचियेंग ओनेको सुटले, पण स्थानबद्धतेतून नाही.

दुसरा मार्ग माणसे वेगळी करण्याचा. एप्रिल १९५४ मध्ये नैरोबीला वेढा घालून २० हजारांहून अधिक लोक छावण्यांत नेले. दहा लाखांवर किकुयूंना ८०० हून अधिक कुंपणबंद गावांत कोंबले. त्यामुळे जंगलात लपून लढणाऱ्या बंडखोरांची रसद तुटली. त्यांचा पुढारी डेडन किमाथी ऑक्टोबर १९५६ मध्ये जखमी अवस्थेत पकडला गेला आणि १८ फेब्रुवारी १९५७ ला फासावर गेला.

तिसरा मार्ग जमिनीचाच, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. १९५४ च्या स्विनर्टन योजनेने विखुरलेले तुकडे एकत्र करून मालकीचे दाखले आणि कॉफीची परवानगी दिली. मोजणी झाली तेव्हा हजारो जण छावण्यांत होते. गावात सरकारच्या बाजूचे लोक होते आणि हद्दी त्यांच्यासमोर ठरल्या. सुटून आलेल्याला आपला तुकडा दुसऱ्याच्या नावावर दिसला.

छावण्यांची व्यवस्था कोसळली होला इथल्या छावणीत. ३ मार्च १९५९ ला काम करायला नकार देणाऱ्या स्थानबद्धांना मारून कामाला लावायचा ठरवून आखलेला बेत होता. ११ जण मेले. सरकारने आधी सांगितले की पाणी प्यायल्यावर ते मेले. शवतपासणीत मारहाणीच्या जखमा निघाल्या आणि ब्रिटिश संसदेत हुजूर पक्षाच्या बाकांवरूनही टीका झाली. बंदुकीच्या बळावर ही वसाहत टिकवायची राजकीय किंमत आता परवडत नाही, हे लंडनला त्या वर्षी कळले.

लँकेस्टर हाउसच्या परिषदेत काय ठरले? एका बैठकीत स्वातंत्र्य मिळाले का? (पुणे)

नाही, लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये तीन फेऱ्या झाल्या. जानेवारी-फेब्रुवारी १९६० मध्ये पहिली, वसाहतमंत्री इयन मॅकलाउड यांच्या अध्यक्षतेखाली. विधिमंडळाच्या ६५ जागा ठरल्या : ५३ मतदारांनी निवडायच्या, १२ त्या निवडलेल्यांनी. ५३ पैकी २० राखीव (गोरे १०, आशियाई ८, अरब २), म्हणजे ३३ खुल्या. खुल्या जागांवर आफ्रिकीच निवडून येणार हे उघड होते, म्हणून ६५ पैकी ३३ हा आकडाच निर्णायक होता. गोऱ्यांचे पुढारी परतले तेव्हा नैरोबीच्या विमानतळावर त्यांच्यातल्याच एकाने नाण्यांची पिशवी पायाशी फेकून विश्वासघाताचा आरोप केला.

पुढचा पेच आफ्रिकी पक्षांमधला. कानू पक्षात किकुयू आणि लुओ या मोठ्या जमातींचा जोर, कादू पक्ष लहान जमातींचा. फेब्रुवारी १९६१ मध्ये कानूने १९ जागा मिळवल्या, कादूने ११. केन्याटांना सोडल्याशिवाय सरकार बनवणार नाही असे कानू म्हणाला, म्हणून रोनाल्ड न्गाला यांच्या कादूने गोऱ्यांच्या मदतीने सरकार चालवले. केन्याटा ऑगस्टमध्ये सुटले. १९६२ च्या दुसऱ्या फेरीत कादूच्या आग्रहाने प्रांतांना मोठे अधिकार देणारी घटना ठरली, कारण मोठ्या जमाती आपल्या जमिनीवर येतील ही त्यांची भीती होती. मे १९६३ ची निवडणूक कानूने जिंकली, १ जूनला अंतर्गत स्वराज्य आले आणि १२ डिसेंबर १९६३ ला स्वातंत्र्य. झांझिबारच्या सुलतानाच्या नावावर असलेली दहा मैलांची किनारपट्टी ऑक्टोबरमधल्या करारानेच केनियाला मिळाली होती. वर्षभरात प्रांतांचे अधिकार गेले आणि कादू कानूत विलीन झाला.

मग ज्यांची जमीन गेली त्यांना ती परत मिळाली का? (कोल्हापूर)

विकत मिळाली. हे लिहिताना आजही राग येतो. दहा लाख एकरांची योजना १९६२ पासून राबवली. ब्रिटिश सरकार आणि जागतिक बँक यांनी केनिया सरकारला कर्ज दिले. त्या पैशाने गोऱ्या मळेवाल्यांना बाजारभाव देऊन जमीन घेतली, तुकडे पाडले आणि सुमारे ३५ हजार कुटुंबांना दिली. कुटुंबाने सुरुवातीला काही रक्कम भरायची आणि उरलेले दीर्घ मुदतीच्या कर्जाने फेडायचे. आजोबांची जमीन नातवाने हप्त्याने घेतली. ज्याच्याकडे सुरुवातीची रक्कम नव्हती, म्हणजे नेमका जंगलातून किंवा छावणीतून परतलेला माणूस, तो मागे राहिला. मोठे मळे अखंड विकले गेले आणि त्यांतले पुष्कळ मंत्री, अधिकारी आणि त्यांच्या जवळच्यांच्या हाती गेले. कापेंगुरियात केन्याटांबरोबर शिक्षा भोगलेले बिल्डाड कागिया फुकट वाटपाची मागणी करत राहिले आणि सरकारातून बाहेर पडले.

आमच्या मामांच्या कुटुंबाने ‘दोन वर्षांत ठरवा’ या अटीमुळे केनिया सोडला असे घरात सांगतात. ही अट काय होती? (मडगाव)

केनियात जन्मलेला आणि आई-वडिलांपैकी एकाचा जन्मही केनियातला, असा माणूस १२ डिसेंबर १९६३ ला आपोआप नागरिक झाला. बाकीच्यांना दोन वर्षांच्या आत, म्हणजे १२ डिसेंबर १९६५ पर्यंत अर्ज करायचा होता आणि जुने नागरिकत्व सोडायचे होते. अनेकांनी ब्रिटिश पासपोर्ट हाताशी ठेवून वाट पाहिली. गोव्याहून गेलेल्यांची अडचण वेगळी होती. १९६१ पर्यंत त्यांतले बरेच कागदोपत्री पोर्तुगीज प्रजाजन होते, त्यामुळे कोणता पासपोर्ट सोडायचा हा प्रश्न आधी सोडवावा लागे.

१९६७ मध्ये केनियाने नागरिक नसलेल्यांना कामाचा परवाना सक्तीचा केला आणि ठरावीक भागांत व थोड्या ठरावीक मालात त्यांना व्यापार बंद केला. लंडनची विमाने भरू लागली. ब्रिटनने १ मार्च १९६८ पासून घाईघाईने कायदा करून स्वतःच्याच पासपोर्टधारकांना अडवले आणि वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांनाच परवाने देऊ केले. मामांचे प्रवासाचे जुने कागद पाहा. फेब्रुवारी १९६८ अखेरच्या आधी ते इंग्लंडला पोचले असतील तर त्याच गर्दीतले. नंतर गेले असतील तर परवान्याचा कागद घरात असायला हवा. थेट भारतात आले असतील तर पासपोर्टवर भारतात प्रवेशाचा शिक्का आणि तारीख मिळेल.